वेलबुट्टीचा वॉकर

मेडशीच्या माझ्या मामांनी आयुष्यात एकही कुरूप वस्तू बनवली नाही, आणि बनवलेली एकही वस्तू कुणाला सुखाने वापरू दिली नाही. घराला लागूनच त्यांचं वेल्डिंगचं दुकान. गिऱ्हाईक साधी खुर्ची सांगून जाई आणि मोर घेऊन परते; पाठ टेकली की मोराची चोच नेमकी मणक्यात. शेजारच्या किन्हीराजा गावच्या एकाला त्यांनी उगवत्या सूर्याचं फाटक करून दिलं. किरणं इतकी लांब आणि टोकदार, की सदरा फाटल्याशिवाय माणूस आत जाईना. तो तणतणत आला, तर मामा म्हणाले, "थोडं दुरून पाह्य ना! कसं दिसते?"

"दुरून झकास दिसते, पण मले घरात जाचं आहे!"

गेल्या वर्षी मामी अंगणात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी वॉकर धरून चालायला सांगितलं. दवाखान्यातला वॉकर पाहून मामांचे डोळेच भरून आले. "माह्या बायकोनं असं भकास काही धरून चालाचं?" त्यांनी स्वतः लोखंडी वॉकर केला. चारही पायांवर चढती वेल, वर पितळी कळ्या. मामीने तो उचलायला जोर लावला आणि मटकन खाटेवर बसली. "अवो, याले मी उचलू का मले हा उचलन?"

मला हसू आवरेना. मामा मात्र हसले नाहीत. तो वॉकर धरून ते स्वतःच एका पायावर अंगणभर लंगडत फिरले, घामाघूम झाले आणि गुपचूप ग्राइंडर घेऊन बसले. मामी चार पावलं चालून "अजून जड आहे" म्हणे, की मामा एक फांदी कापत. कळ्या गेल्या, वेल गेली. प्रत्येक तुकडा ते असा खाली ठेवत, जणू झोपलेलं बाळच. शेवटी मुठीजवळ एकच पान उरलं. त्यालाही ग्राइंडर लावणार, तोच मामी ओरडली, "ते राहू द्या! अंगठा मस्त बसते तिथी."

मामा लहान पोरासारखे खुलले. तेव्हापासून ते गिऱ्हाइकाला आधी खुर्चीत बसवून पाहतात, मगच मोराची जागा ठरवतात.

आता मामी वॉकरशिवाय तुरुतुरु चालते. तरी संध्याकाळी अंगणात फेरी मारताना तो घेतेच. परवा मी विचारलं, "मामी, आता कायले पाह्यजे हा?"

तिने दुकानाच्या दाराकडे पाहिलं. हातातलं काम सोडून मामा तिथे उभे होते, तिचं चालणं बघत.

"मले नाही लागत," मामी हळूच म्हणाली, "त्याहीले लागते."