न केलेल्या आरोपांचा खुलासा

अख्खी इमारत तिला वकिलीणबाई म्हणायची. कुणाचा घरमालक अनामत परत देईना, कुणाच्या छतातून वरच्यांचं पाणी गळतंय, की निघाले हिच्या दाराकडे. दुसऱ्याची बाजू मांडताना बाईच्या जिभेला अशी धार चढायची की विचारू नका. स्वतःविषयी चार ओळी लिहायची वेळ आली आणि गाडं अडलं.

त्या ओळी लिहायच्या होत्या एका मोठ्या लॉ फर्मला, अर्जासोबत पाठवायला. तिथे मसुदे लिहिणारा वकील हवा होता आणि ते काम तर हिच्या हातचं. सनद मिळाल्यावर काही वर्षं एका वकिलाच्या ऑफिसात तिने दुसरं केलं काय? प्रतिवादीच्या वतीने कैफियती लिहायच्या, म्हणजे समोरच्याने केलेला एकेक आरोप उचलायचा आणि खोडायचा. मग सासूबाईंना पक्षाघात झाला, वाचा गेली, आणि वकिलीणबाई घरी बसली ती आठ वर्षं. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. आता चाळिशी उलटली होती. ही नोकरी हुकली तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही, या धास्तीने तिची झोप उडाली होती.

रविवारी सकाळी नणंद आली. ती एका शाळेची मुख्याध्यापिका. समोर कागद आला आणि तिने त्यात चूक काढली नाही, असं कधी झालं नव्हतं. वकिलीणबाईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

"ताई, वाचा जरा. तुमच्या भावाने न वाचताच छान म्हटलंय. आणि हसायचं नाही हं."

नणंद वाचू लागली. ‘अर्जदार आठ वर्षे व्यवसायापासून दूर असल्याने तिचे ज्ञान जुनाट झाले आहे, हे म्हणणे खरे नाही, अर्जदारास मान्य व कबूल नाही. वयामुळे तिला नव्या गोष्टी शिकणे जड जाईल, हेही अर्जदारास मान्य व कबूल नाही.’ असे परिच्छेदामागून परिच्छेद.

"अगं, पण असं म्हणालं कोण?"

"अजून कुणी नाही. पण म्हणतील ना!"

"म्हणजे त्यांना सुचलं नसतं तेही तूच सुचवतेस. नोकरी मागतेयस की जामीन?"

दोघी खो खो हसल्या. हसता हसता वकिलीणबाईला कानकोंडं झालं. खरंच की! हाताला लागलेली सवय, आणि यावेळी पिंजऱ्यात तिने स्वतःलाच उभं केलं होतं.

नणंदेने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं आणि तिचं हसू ओसरलं.

"आणि हे काय? ‘कौटुंबिक कारणास्तव’? माझी आई कारण होती होय?"

"ताई, तसं लिहायची पद्धत असते."

"खड्ड्यात गेली पद्धत! मी यायचे, फळं ठेवायचे आणि पळायचे. मला बघवायचं नाही. तिला न्हाऊमाखू घातलंस तू. काय हवंय ते नुसत्या डोळ्यांवरून ओळखायचीस तू. कधी बोलले नाही, आज बोलते. तू होतीस म्हणून ती माणसासारखी जगली. आणि तू ते लपवतेस? चोरी केलीस का कुणाची?"

वकिलीणबाईचे डोळे भरून आले. या शब्दांची वाट पाहणं तिने कधीच सोडून दिलं होतं, आणि आले ते असे, रागाच्या भरात. तिने चहा टाकला, स्वच्छ ओटा उगाच पुन्हा पुसला. मग सगळा मजकूर काढून टाकून पहिल्यापासून लिहायला बसली. नणंद शेजारी होती, पण तोंडाला कुलूप लावून. असं तिच्या जन्मात पहिल्यांदाच घडत असावं.

‘मसुदे लिहायला मला आवडतं आणि मी ते चांगले लिहिते. मधली आठ वर्षं मी माझ्या सासूबाईंची शुश्रूषा केली. त्यांना बोलता येत नव्हतं. बदललेले कायदे मी वाचत राहिले, तरी सगळे येतात असं म्हणणार नाही. राहिलेलं शिकेन.’ पत्र अर्ध्या पानात संपलं. इतकं उघड लिहिलेलं पाठवायचं, म्हणून डोळे मिटूनच तिने बटण दाबलं.

पुढच्याच आठवड्यात बोलावणं आलं. फर्मचे मुख्य वकील चष्म्यावरून बघणारे, कामापुरतं बोलणारे. त्यांनी एक किचकट करार पुढे टाकला आणि त्रुटी शोधायला सांगितल्या. तिने जवळजवळ सगळ्या काढल्या, एक निसटली. ती त्यांनी दाखवली तेव्हा "ही माझ्या नजरेतून सुटली" असं ती सरळ म्हणाली. सारवासारव केली नाही. त्यांनी कागद गोळा केले.

"सोमवारपासून या."

ती तरंगतच दारापर्यंत पोचली. दार उघडणार, तोच मागून आवाज आला.

"बाई, एक विचारू? कामाचं नाही." त्यांनी चष्मा काढून ठेवला होता. "माझ्या आईचीही वाचा गेलीय, हल्लीच. मी जवळ जाऊन बसतो, पण काय बोलावं सुचत नाही. तिला समजत असेल का हो?"

"सगळं समजतं," वकिलीणबाई म्हणाली, आणि परत येऊन खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.