आक्काला सांगितलेला सिनेमा

हे माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, लेकींना नाही. देवळातसुद्धा ओठ हलवून कधी म्हटलं नाही — दुसऱ्या कुणी ऐकलं असतं म्हणून नव्हे, माझं मलाच ऐकू आलं असतं म्हणून.

परवा नात मोबाईलवर खेळत होती. खेळ कसला, गोष्टच. एक मुलगी चालत असते, मध्येच दोन वाटा फुटतात; बोट ठेवाल तिकडे गोष्ट वळते. "आजी, तू सांग, कुठं जाऊ दे हिला?" माझं बोट उचललंच गेलं नाही. पाणी प्यायच्या निमित्तानं मी उठून गेले.

असंच मी आक्काला विचारायचे.

आक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. थोरले दीर लग्नानंतर वर्षभरात घर सोडून गेले, ते परतले नाहीत. मूलबाळ नाही. तरी ती सासरीच राहिली होती. त्या बहात्तरच्या दुष्काळात खर्ड्याच्या अलीकडं रस्त्याच्या कामावर आम्ही दोघी खडी फोडायचो. पांढरी धूळ, वर पांढरंच आभाळ. लांबची माणसं उन्हात अशी हलायची, की पाण्याच्या तळाशी चालली आहेत असं वाटावं.

बाजारतळावर तंबूतला सिनेमा यायचा. मला नवरा न्यायचा. आक्काला कोण नेणार? नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं सिनेमा बघायचा — सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. मग मी बघून यायचे आणि दुसऱ्या दिवशी खडीच्या ढिगापाशी तिला सांगायचे. सांगता सांगता थांबायचे. "आता ती काय करंल, आक्का?" हातोडा तसाच धरून आक्का विचार करायची, आणि ती म्हणेल तसा मी सिनेमा वळवायचे. एकदा तिनं गोष्टीतल्या बाईच्या दारात नदी आणली, दोन्ही काठ भरून वाहणारी. त्या रखरखाटात आम्हाला नदीचा वास आला. खोटं वाटेल, पण आला.

मग तो सिनेमा आला. नवऱ्यानं टाकलेली एक बाई सासर सोडते, शहरात जाऊन शिकते, नर्स होते. शेवटी दवाखान्याच्या पायऱ्यांवर, पांढऱ्या साडीत, वारा खात उभी राहते. बस्स, एवढाच शेवट. मी तंबूत रडले होते.

त्याच सुमाराला आक्काच्या भावाचा श्रीगोंद्याहून निरोप आला — इथल्या दवाखान्यात बायकांना सुईणीचं काम शिकवतात, तुला घालतो, न्यायला येतो. आक्कानं ते फक्त मला सांगितलं. "जाऊ का गं, सुमे?"

मी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. पण सासूबाईंची बोलणी सगळी आक्का झेलायची. भाकरी माझ्या हातून करपायची आणि शिव्या तिला. ती गेल्यावर त्या घरात माझ्यापुढं कोण उभं राहणार होतं?

मी म्हटलं, "कालचा सिनेमा सांगते."

आणि त्या वाटेशी येऊन थांबले. "आता ही घरीच ऱ्हाती, का जाती?"

आक्का खाली बघत हळूच म्हणाली, "जाती."

मी जाऊ दिलं. एस.टी.त बसवलं, खिडकीपाशी. शहरात नेलं. आणि मग — मग तिथं मी तिची अब्रू घालवली. ती परत आली तर सासरचं दार बंद, माहेरचं बंद. शेवटी विहीर. विहिरीतल्या पाण्यावर चांदणं पडलंय, असंही मी सांगितलं. ते सांगताना मला छान वाटत होतं. आपल्याला किती चांगलं सांगता येतं — असं वाटत होतं.

आक्काचा हातोडा बराच वेळ खाली आला नाही.

भाऊ आला, गूळ घेऊन. आक्कानं त्याला चहा दिला. "न्हाई येत, दादा. हितंच बरं हाय." मी चुलीपुढं बसून होते. मान वर केली नाही.

आक्कानं माझ्या दोन्ही लेकी अंगाखांद्यावर वाढवल्या. सासूबाईंचं शेवटपर्यंत तिनंच केलं.

पुढं कितीतरी वर्षांनी घरात टीव्ही आला. एका रविवारी तोच सिनेमा लागला. पहिल्याच गाण्याला मी ओळखला. बंद करता आला असता — का केला नाही? आक्का भिंतीला टेकून बघत होती. शेवटी त्या पायऱ्या आल्या, पांढरी साडी आली, वारा आला.

आक्कानं माझ्याकडं न बघताच विचारलं, "सुमे, तू सांगितल्याला ह्योच ना गं? ह्यात तर ती जगली."

"न्हाई आक्का," मी म्हणाले. "त्यो दुसरा हुता."

"व्हय का?" ती म्हणाली. "आसंल."

'समाप्त'ची पाटी गेली, जाहिराती लागल्या, तरी ती पडद्याकडं बघत राहिली.

आक्का आता नाही. तो सिनेमा दुसरा नव्हता.