कूलर सकाळी उठेना

सुरतेच्या उन्हाळ्यात आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर तापला की शेठचं डोकं तापायचं, आणि त्याची झळ थेट मला लागायची. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. कापडबाजारातल्या एका साडीवाल्या शेठकडे मी कॉम्प्युटरवर बॉर्डर आणि पदरांची डिझाइनं करायचे. वडील यंत्रमागावर होते, आई घरी साड्यांना टिकल्या लावायची. नवागामच्या आमच्या गल्लीतल्या पोरींनी टिकल्याच लावायच्या असं जणू ठरलेलंच होतं. मीही लावल्या होत्या, सुई बोटात घुसवून घेत. मग हट्टाने कॉम्प्युटरचा क्लास केला, आणि भांडून नाही पण भांडल्यासारखंच बोलून ही खुर्ची मिळवली.

ती खुर्ची आता जायला निघाली होती. दुपार झाली की कॉम्प्युटरचा डबा हात लावू देत नसे. पडद्यावरचं चित्र जिथल्या तिथे गोठायचं आणि पदरावर काढत आणलेली कैऱ्यांची आख्खी वेल पाण्यात जायची. शेवटी शेठ म्हणाले, या महिन्यात हे थांबलं नाही तर डबा परत करू आणि डिझाइनं बाहेरून करून घेऊ. त्यात माझं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आईने मात्र टिकल्यांचं काम वाटणाऱ्या बाईला माझ्याही वाट्याचा गठ्ठा सांगून ठेवला. तिचं चुकलं नव्हतं, घर चालवणारी बाई आधी दुसरी सोय बघते. पण मला असा राग आला की त्या दिवशी मी तिच्याशी धड बोललेही नाही. ठरवलं, या डब्याला सरळ केल्याशिवाय मी हलणार नाही.

ज्या दुकानातून कॉम्प्युटर घेतला होता तिथला माणूस एक फ्लॉपी घेऊन आला. तिच्यात कूलर आहे म्हणाला. शेठनी फ्लॉपी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "आमां पाणी क्यां नाखवानुं?" यात पाणी कुठे ओतायचं? तो माणूस हसला नाही, त्याला सवय असावी. त्याने समजावलं, काम नसतानाही कॉम्प्युटरचं डोकं उगाच धावत राहतं, म्हणून तापतं. हा छोटा प्रोग्राम त्याला मधेमधे बसवतो. सकाळी मशीन सुरू झालं की तो आपोआप सुरू होईल.

झालं भलतंच. मशीन सुरू झालं की पडद्यावर लगेच पाटी यायची, कूलर सुरू होऊ शकला नाही. हाताने सुरू करायला जावं तर म्हणे, मी आधीच चालू आहे. ना जिवंत, ना मेलेला. मी त्याला घरच्या भाषेत शिव्या घातल्या. शेठना अहिराणी येत नव्हती, ते बरं झालं.

दुकानाचा माणूस परत आला. सुरुवातीला आपोआप उठणाऱ्या प्रोग्रामांचं एक फोल्डर असतं, ते त्याने उघडून दाखवलं. त्यातलं एकेक काढायचं, मशीन बंद करून पुन्हा लावायचं, कूलर उठतो का बघायचं. घड्याळ काढलं, गुजराती अक्षरांचा प्रोग्राम काढला, प्रिंटरचं काहीतरी होतं तेही काढलं. तो गेल्यावर मी एकटीने तेच पुन्हा केलं. कूलर काही उठेना.

फोल्डरात दोघंच उरले, कूलर आणि गणपती. कॉम्प्युटर आणला तेव्हा मुहूर्तावर शेठनी तो गणपती बसवून घेतला होता. मशीन लावलं की पडदाभर गणपती, पुढे हलणाऱ्या ज्योतीचा दिवा, आणि आरतीची धून. शेठ अगरबत्ती ओवाळायचे, मग कामाला सुरुवात. दुकानाचा माणूस कानाला हात लावून म्हणाला होता, "भगवान को मैं हाथ नहीं लगाऊँगा." मीही लावला नव्हता. चोर शोधायला आख्खं घर उलथंपालथं केलं आणि देव्हाऱ्यासमोर मात्र सगळे हात जोडून उभे!

मग मनात आलं, दिवाळीच्या साफसफाईला आई देवांनाही उचलून ताटात ठेवते. देव रागावल्याचं कधी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेठच्या आधी ऑफिसात गेले. हात जोडले, गणपतीला त्या फोल्डरातून बाहेर काढून ठेवलं आणि मशीन पुन्हा लावलं. पाटी आली नाही. कोपऱ्यात कूलरचं चिन्ह गुपचूप येऊन बसलं. आनंदाने ओरडणार, तोच मागून आवाज आला.

"गणपति क्यां गया?"

शेठ अगरबत्ती हातात घेऊन उभे होते. गप्प बसले असते तर संपलंच होतं. मी सांगितलं, गणपती इथेच आहेत. दोघं एकदम उठले की कूलर आडवा पडतो.

"बेन, अपशुकन थशे तो?"

मी मोडक्या गुजरातीत उलट विचारलं, "शेठ, तमारे घेर दीवो एनी मेळे थाय छे?" घरचा दिवा आपोआप लागतो का?

"ना. बा करे छे." आई लावते.

"मग इथला तुम्ही लावा. आधी झाडलोट, म्हणजे कूलर, मग दिवा. आणि आरती झाली की तबक खाली ठेवायचं."

शेठनी अगरबत्ती खोचून ठेवली. मग चपला काढून माझ्या खुर्चीत बसले. मी त्यांना हात माउसवर ठेवायला लावला, गणपतीचं चिन्ह दाखवलं. बोट जड होतं, पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग दिवा लागला. एवढा मोठा व्यापारी, पण लहान पोरासारखा माझ्याकडे वळून बघत होता. धून संपल्यावर ते पान त्यांनीच बंद केलं.

दुपार माझ्या जिवावर उठली होती. ऊन चढलं, बाहेर रस्ता पोळत होता, आणि मी एकेक कैरी भरत होते, आता गोठेल, मग गोठेल, म्हणत. वेल पदराच्या टोकाला पोचली. शेठ आले, डब्यावर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. शाबासकी वगैरे काही नाही. जाताजाता म्हणाले, "काले वहेली आवजे, बेन. दीवो करवानो छे."

उद्या लवकर ये. एवढंच. मी जिन्यात तोंडावर ओढणी धरून रडले.

घरी आई टिकल्या निवडत बसली होती. मी सांगितलं, शेठनी उद्या लवकर बोलावलंय, त्या बाईला निरोप दे, माझ्या वाट्याचा गठ्ठा नको.

"मी ते तिले सांगी टाकं ना," आई म्हणाली.

"मग पुन्हा सांग."

आईने माझ्याकडे नीट बघितलं. मांडीवरची साडी बाजूला ठेवून ती उठली आणि माझं ताट वाढायला लागली.

"मंग जेवी ले," ती म्हणाली, "सकायमा लवकर जानं शे ना तुले."