कपाशीच्या औषधाचा डबा अन् शेषरावची विहीर

चांदूर बाजारची गजाला अकोल्याच्या प्रयोगशाळेत एक पिवळी पूड बनवायची. दिसायला निस्तं बेसन. पण कणाकणात एकसारखी बारीक भोकं, मधाच्या पोळ्यासारखी. पाण्यात ढवळली की फवारणीच्या औषधाचा अंशही त्या भोकांत अडकायचा. तो धुऊन काढायचा अन् मशीनला दाखवायचा.

त्या साली फवारता फवारता मजूर मरून राहिले होते. साहेबलोकांना एकदम पाणी तपासायची घाई सुटली. गजालाच्या घराशेजारच्या शेषराव माळ्याच्या विहिरीचं पाणी आलं. पुडीनं त्यात औषध पकडलं, भरपूर. पाणी गोळा करणाऱ्या सरकारी साहेबानं विहिरीच्या मोटारीला कुलूप घातलं.

आठवड्यानं शेषराव थेट प्रयोगशाळेत. "गजाला बेटा, मी भाजीवर फवाराच मारत नाई. मंग औषध आलं कुठून? मेथी वाळून राहिली माही!"

"काका, पाणी कशात भरलं होतं?"

"साहेब रिकाम्या हातानं आला. म्हणे, द्या काईबी. आमच्या घरच्या माणिकबाईनं डबा देल्ला. राखेनं घासून, खंगाळून."

"कशाचा डबा?"

"कपाशीच्या औषधाचा. काहून? गावात समदे तेच वापरतात."

गजालाचं डोकं तापलं. तिच्याकडे पाणी आलं होतं चकचकीत काचेच्या बाटलीत! साहेबानं वाटेत ओतून घेतलं होतं. माणिकबाईवर काय रागवायचं? सरकारी माणसाजवळ एक बाटली नसावी? अन् आपण तरी विचारलं का?

तिनं साहेबाला फोन लावला.

"अहवाल गेला, मॅडम. फेरतपासणी पुढच्या महिन्यात."

"पुढच्या महिन्यात काय मेथीचं सरण तपासता?"

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं गावात. धुतलेल्या काचेच्या बाटलीत, पंचांसमोर, स्वतः पाणी शेंदलं. त्याच डब्यात शुद्ध पाणी हलवून दुसरी बाटली भरली. अकोल्याला नेऊन दोन्हींत पूड टाकली, मशीनला दाखवली. विहिरीच्या पाण्यात काहीच नाही. डब्यातल्या पाण्यात जहरच जहर.

साहेब कुलूप काढायला आला तो हसतच. "चला, मिटलं एकदाचं."

"मिटलं?" गजाला ओरडली. "वावर पाहा आधी! अन् हे पाणी प्या. जहर म्हणून तुमीच बंद केलं होतं ना?"

"आत्ताच चहा झाला, मॅडम."

"प्या ना, साहेब," शेषराव पाण्याचा गडवा पुढं धरून म्हणाला. "माही मेथी हप्ताभर तहानली होती. तुमाले एक घोट जड जाते?"

सारा गाव पाहत होता. साहेब प्याला. शेषरावनं मोटार चालू केली नाही. वाळली मेथी उपटायला तो वाफ्यात शिरला.