पेंचेत सोडायचा दिवा

आमच्या ह्यांच्या घरची एक रीत आहे. वर्षभरात जो गेला असेल, त्याच्या नावाने कार्तिकी पौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी पेंच नदीत पळसाच्या द्रोणात दिवा सोडायचा. तो वळणाआड जाईपर्यंत कुणी बोलायचं नाही. दिवा वळणाआड गेला, की माणूस पोचला. यंदा दिवा ह्यांच्या नावाचा होता आणि सोडायला घरात मी एकटीच उरले आहे. म्हणून निघाले.

नागपुरात महालातल्या घरून रिक्षाने एसटी स्टँड, तिथून दुपारची पारशिवनीची गाडी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीसाठी भांडायची तयारी ठेवा. आमडी फाट्यावरून गाडी आत वळली, की कापसाची शेतं लागतात. पारशिवनीला स्टँडसमोर तर्री-पोहे खाल्ले. तर्री अशी झणझणीत, की डोळ्यांतून पाणी आलं. बरंच झालं, कारण सांगावं लागलं नाही.

निवृत्तीनंतर ह्यांना गावी राहायचं होतं. मीच मोडता घातला. "तिथं नळ तरी येतात का?" मी म्हणाले. आम्हा नागपूरकरांना पाणी येत नाही, नळ येतात. हे महालातच राहिले आणि तिथेच वारले. ते मला अजून खातं.

ऑटोने धरणाखालच्या त्यांच्या गावी पोचले. घाटाच्या पायऱ्या होत्या, नदी नव्हती. गोटे, बेशरमाची झुडपं आणि मधे एक हिरवं डबकं. बकऱ्या घेऊन परतणाऱ्या गावातल्या एक बाई थांबल्या, चंद्रकलाबाई.

"कोनाच्या घरच्या वं तुमी?"

मी ह्यांचं नाव सांगितलं. त्यांनी ओळखलं.

"दिवा सोडाले आल्या? पण पानी कुठी हाय, बाई? पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले तं येते, बाकी वर्षभर हे गोटेच. पानी कालव्यानं तुमच्या नागपुरातच जाऊन राहिलं ना!"

 घरी रोज गच्ची धुवायचे मी.

"वर मध्यप्रदेशातबी धरण झालं," त्या म्हणाल्या. "पेंचेचं पानी कमी पडून राहिलं, म्हनून आता कन्हान नदीचं पानी बोगद्यातून आननार हायेत म्हनते."

"मग कन्हानकाठच्यांनी दिवा कुठे सोडायचा?"

"त्यायले कोन विचारते!"

तरी मी हट्टाने डबक्यात दिवा ठेवला. तो शेवाळात अडकला. चंद्रकलाबाईंनी काठीने ढकलला, पुन्हा अडकला. मी तिथेच पायरीवर बसून रडले.

"उठा वं," त्या म्हणाल्या. "कालव्यावर चला. वाहतं पानी तिथंच हाय."

द्रोण डबक्यातून उचलून घेतला आणि पंधरा मिनिटं चालत गेलो. कालवा काठोकाठ भरून घाईने चालला होता. दिवा पाण्याला टेकला मात्र, सुसाट निघाला. आम्ही दोघी तोंड मिटून उभ्या राहिलो. कालवा वळतो तिथे दिवा दिसेनासा झाला आणि मग माझ्या लक्षात आलं, की वळण नागपूरकडे होतं. गावी राहायचं म्हणणाऱ्या माणसाला मी पुन्हा नागपूरलाच पाठवलं.

चंद्रकलाबाईंनी चहा पाजला आणि पारशिवनीच्या ऑटोत बसवून दिलं. परतीची शेवटची गाडी चुकवू नका, त्यानंतर काही मिळायचा भरवसा नाही. माझी निम्मी रिकामी होती. कुणीच शेजारी बसलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. आधी घाटावर जा, मग कालव्यावर. उलटं केलंत, तर नदी छान आहे असं वाटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आले. ह्यांना उठवण्यासाठी मी बत्तीस वर्षं एकच हाक मारत आले होते, आणि ते गेल्यापासून ती घशातच ठेवली होती. धार हातावर घेतली. पेंचेचं पाणी गार होतं. त्या दिवशी मोठ्याने हाक मारली, "अहो, नळ आले!"

मग नळ लगेच बंद केला. एक बादली पुरते मला.