एकाच रेषेचा आलेख

आमच्या वरच्या मजल्यावर पाहुण्यांची खोली आहे. तिथं खिडकीच्या डाव्या बाजूला भिंतीत दोन भोकं होती. मी ती पुट्टीनं बुजवली, घासली, वर रंग मारला. बोट ठेवून दाखवलं तरी कुणाला दिसणार नाहीत. मला दिसतात. चादर बदलायला गेलो तरी नजर आधी तिथं जाते, म्हणून चादर बदलायचं काम मी टाळतो. बायकोला वाटतं, मी आळशी झालो.

ती भोकं एका इटालियन फुटबॉलपटूनं पाडली होती, माझी परवानगी घेऊन. त्याच्या गमतीजमती मी मित्रांच्या पॉटलक जेवणांना कितीदा तरी सांगितल्या आहेत. मुलीनं सवयीनं त्याला ‘काका’ म्हटलं तेव्हा तो पोट धरून हसला, कारण त्याच्या भाषेत तो शब्द बाळाच्या डायपरमध्ये सापडतो. हा किस्सा हमखास चालतो. सांगायला हवं होतं ते मात्र सहा वर्षांत सांगितलं नाही.

आम्ही अमेरिकेत मॉरिसव्हिलला राहतो. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, इथल्या एका क्लबच्या मुलींच्या टीममध्ये खेळायची. त्याच क्लबची मोठ्यांची व्यावसायिक टीमही होती, खालच्या लीगमधली. अशा क्लबांना बाहेरून आलेल्या खेळाडूंसाठी घरं घेणं परवडत नाही. मग पालकांना ईमेल येते, कुणाकडे रिकामी खोली आहे का. मुलीनं हट्ट धरला, आम्ही हो म्हटलं.

“लोनवर येतोय म्हणजे काय?” बायकोनं विचारलं.

मी समजावलं. इटलीतल्या एका क्लबचा त्याच्याशी करार आहे. तिथं त्याला जागा नाही, पण सोडायचाही नाही. म्हणून एका हंगामासाठी दुसऱ्या क्लबाला वापरायला देतात. हंगाम संपला की परत. मग तिसऱ्याला.

“माणूस आहे का वाटीभर साखर?”

“साखर परत कोण देतं? याला देतात.”

तो अठ्ठावीस वर्षांचा होता. नऊ वर्षांत आठ क्लब, सगळे उसनवारीचे. मूळ क्लबकडून तो आयुष्यात एकूण अकरा मिनिटं खेळला होता. हे त्यानंच पहिल्या जेवणाला सांगितलं, हातानं एक-एक गाव टेबलावर मांडत. बायकोनं पिठलं केलं होतं. ते बघून त्याचा चेहरा असा उजळला की आम्ही चकित झालो. त्याच्या उत्तरेकडच्या गावात मक्याच्या पिठाचं असंच काहीतरी करतात म्हणे. त्यानं तीनदा वाढून घेतलं आणि बायकोला ‘सिन्योरा’ म्हणायला लागला. मी आकड्यांचं काम करतो हे कळल्यावर मी झालो ‘प्रोफेसोरे’.

त्याची गोष्ट मला नवी नव्हती. मीही पुण्याहून असाच आलो होतो. कन्सल्टिंग कंपनीच्या व्हिसावर, सहा वर्षांत पाच शहरं. क्लायंटचं काम संपलं की बेंचवर, म्हणजे बिनकामाचं बसून, मग पुढचा क्लायंट. ईडन प्रेरी गावातल्या एका क्लायंटला मी पक्का हवा होतो. करारात होतं, वर्ष पूर्ण झालं की ते मला घेऊ शकतात. वर्षाला तीन आठवडे उरले असताना माझ्या कंपनीनं मला काढून ओहायोला पाठवलं. अपार्टमेंटच्या लाँड्री रूममध्ये, ड्रायरच्या आवाजाच्या आडोशानं, मी रडलो होतो. पुढं मी त्याच धंद्यात वर चढलो. कुणाला कुठं पाठवायचं, कुणाला कधी काढायचं, हे मी ठरवायला लागलो. लाँड्री रूम विसरलो, असं मला वाटत होतं.

दोन महिने झाले तरी त्यानं बॅग रिकामी केली नव्हती. कपडे धुवायचा, घडी घालायचा आणि परत बॅगेत ठेवायचा. कपाट रिकामं. बायकोनं विचारलंच. तो म्हणाला, “दुसऱ्या क्लबच्या वेळी मी एक दिवा विकत घेतला होता, सिन्योरा. जाताना तो बसमध्ये मावेना. रस्त्यावर ठेवून आलो. त्यानंतर नाही.”

पण या वेळच्या करारात एक अट होती. पंधरा सामने तो सुरुवातीच्या अकरा जणांत खेळला, की आमच्या क्लबनं त्याला कायमचा घ्यायचाच. दोन वर्षांचा करार, बायको-मुलीचा व्हिसा, सगळं. ऑगस्टच्या शेवटी त्याचे चौदा झाले होते. पाच सामने बाकी. एकात उतरला की पुरे. मुलगी त्याची दोन वर्षांची. आमच्याच सबडिव्हिजनमागच्या अपार्टमेंटमध्ये त्यानं घर बघून ठेवलं होतं.

“आता तरी ती बॅग रिकामी कर,” एका रविवारी सकाळी बायको म्हणाली. “मी सांगतेय ना. चल, मी हँगर देते.”

त्यानं केली. मग संकोचानं मला विचारलं, भिंतीत दोन स्क्रू मारले तर चालतील का? मी ड्रिल दिलं. त्याच्या मुलीच्या तळव्याचा निळ्या रंगातला ठसा होता, फ्रेम केलेला, तो त्यानं टांगला. लांब जाऊन बघितला. वाकडा होता, सरळ केला.

त्याच दुपारी क्लबच्या मॅनेजरकडे बार्बेक्यू होता. मी वर्षभर शनिवार-रविवार क्लबसाठी फुकट काम करत होतो. खेळाडू जर्सीखाली पाठीवर एक छोटं यंत्र लावतात, ते किती धावला, किती वेगानं, सगळं नोंदवतं. ते आकडे मी बघायचो. पण त्या लोकांच्या घोळक्यात मी कायम कडेला, बिअरची बाटली धरून उभा. मी बोललो की ते हसून मान डोलवायचे आणि आपापलं बोलायला लागायचे.

त्या दिवशी मॅनेजर ग्रिलपाशी माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. “तुझ्या घरच्या पाहुण्याची पंचाईत झालीय,” तो म्हणाला. “पंधरावा सामना खेळला तर घ्यावा लागेल. मालकांना परवडत नाही. कोच ऐकत नाही, त्याला तो संघात हवाच. तू हे धंदे करतोस ना? तुमच्यात काय करतात?”

मला कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. एवढंच खरं कारण आहे. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

मी म्हणालो, “पक्कं व्हायच्या आधी माणूस काढून घेतात. हातात आकडे असले की कुणी भांडत नाही.”

“आकडे आहेत?”

“काढता येतील.”

त्यानं माझ्या प्लेटमध्ये स्वतःच्या हातानं कणीस वाढलं.

मी खोटा आकडा एकही लिहिला नाही. ऑगस्टमधले तिन्ही सामने भयंकर उकाड्यात झाले होते. सगळी टीम मंदावली होती, सगळ्यांच्या रेषा खाली आल्या होत्या, आणि त्याची सगळ्यांत कमी उतरली होती. मी बाकीच्या दहा रेषा पुसल्या. त्याची एकटीची ठेवली. एकटी रेषा खाली येताना फार वाईट दिसते. सोमवारी लंचच्या आत मॅनेजरला पाठवून दिली. कोचनं ती पाहिली आणि कोच प्रामाणिक माणूस असल्यामुळे त्यानं ती मानली.

बुधवारी तो सरावाहून घरी आला तेव्हा मी अंगणात कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होतो. बूट हातात घेऊन तो समोर उभा राहिला.

“शनिवारी मी बाकावर,” तो म्हणाला. “कोच म्हणतो, आकडे सांगतात मी मंदावलोय. प्रोफेसोरे, आकडे तू बघतोस. खरं सांग. मी स्लो झालोय?”

कुंडी भरून पाणी बाहेर वाहायला लागलं होतं.

“थोडा,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. “थँक यू,” म्हणाला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो सराव व्हायच्या आधी आमच्या गल्लीत धावायला लागला. कोपऱ्यातल्या तळ्यापासून आमच्या मेलबॉक्सपर्यंत, पूर्ण जोरात, मग चालत मागे, मग पुन्हा. मी चहा घेऊन खिडकीशी असायचो. डांबरावर त्याच्या बुटांचा आवाज जवळ येत जायचा, मेलबॉक्सपाशी थांबायचा. जे बिघडलंच नव्हतं ते तो दुरुस्त करत होता. अजूनही एखादी शेजारीण तिथून धावत गेली की माझा चहा गार होतो.

“काहीतरी गडबड आहे,” बायको म्हणाली. “चांगला खेळत होता की. तुझी ओळख आहे ना क्लबमध्ये? विचार ना.”

“त्यांचा अंतर्गत मामला आहे. आपण कशाला?”

“आपल्या घरात राहतो तो!”

“बघतो,” म्हणालो. बघितलं नाही.

पाचही सामने तो राखीव बाकावर बसला. चौदाचे पंधरा झाले नाहीत. जाताना त्यानं तळव्याची फ्रेम काढली, टॉवेलमध्ये गुंडाळली. भोकं बुजवून देतो म्हणून मागे लागला. मी राहू दे म्हटलं. विमानतळावर बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं, आमची मुलगी त्याला सोडेना. त्यानं मला मिठी मारली आणि कानाशी म्हणाला, “क्लबमध्ये सगळे गोड बोलत राहिले. खरं फक्त तू सांगितलंस.”

इंटरनेटवर त्याच्या नावाचं एक पान आहे. वर्ष, क्लब, आणि प्रत्येक क्लबपुढे लोनची खूण. दर उन्हाळ्यात मी ते उघडायचो. आमच्यानंतर तीन क्लब, प्रत्येक वेळी आधीपेक्षा लहान गाव. मग एक वर्ष काहीच नाही. मग पान तसंच राहिलं. माझं त्यात कुठंही नाव नाही. मी ते पान कितीदा उघडलं असेल ते सांगत नाही.

या एप्रिलमध्ये त्याचा मेसेज आला. आधी फोटो: मुलगी, आता आठ वर्षांची, गोलकीपरचे हातमोजे घालून. मग मजकूर. तो आता गावातल्या मुलांना शिकवतो. त्यांना तो आपल्या अमेरिकेतल्या वर्षाची गोष्ट सांगतो, शरीर कसं आधी इशारा देतं आणि आपण कसं ऐकत नाही. “तू काढलेला तो ग्राफ अजून आहे का, प्रोफेसोरे? मुलांना दाखवायचाय. माझे पाय कुठून मंदावले ते.”

मी फोन पालथा ठेवला. नऊ दिवस उत्तर दिलं नाही. फाइल हरवली म्हणून सांगता आलं असतं. टाइपही केलं होतं. पण मग तो मुलांना ती गोष्ट ग्राफशिवाय सांगत राहिला असता, मरेपर्यंत, की त्याचे पाय त्याला दगा देऊन गेले.

फाइल हरवली नव्हती. दहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, ती उघडली. आधी एका रेषेचा आलेख जसा होता तसा काढला. मग त्याखाली अकरा रेषांचा. त्याची मी लाल केली. सगळ्या रेषा खाली उतरत होत्या आणि लाल सगळ्यांच्या वर होती. दोन्ही पाठवले. खाली लिहिलं, तू मंदावला नव्हतास. क्लबला तुला घ्यायचं नव्हतं. बाकीच्या दहा रेषा मी पुसल्या. कसं करायचं ते त्यांना मीच सांगितलं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. माफी मागितली नाही. ती मागितली की त्याला काहीतरी द्यावं लागलं असतं.

त्यानं वाचल्याची खूण आली. चाळीस मिनिटं गेली. मग एकच ओळ.

“सिन्योराला माहीत होतं?”

“नाही,” मी लिहिलं.

“तिला सांग.”

बायको मागे डेकवर टोमॅटोची रोपं मोठ्या कुंड्यांत लावत होती. मी लॅपटॉप घेऊन बाहेर गेलो. म्हटलं, जरा बस.

तिचे हात मातीतच थांबले. “घरून फोन आला? कुणी गेलं का?”

“नाही. तसं नाही.”

ती बसली. ती फार्मा कंपनीच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर आलेखच वाचते. मी काही बोलायच्या आत तिनं दोन्ही पाहिले. पहिला, दुसरा, परत पहिला. कोपऱ्यातली तारीख पाहिली.

“बाकीच्या रेषा इथं का नाहीत?” तिनं विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. ग्रिल, कणीस, कढीपत्त्याची कुंडी. माझं संपलं तेव्हा तिच्या बोटांवरची माती वाळली होती.

“त्याला बॅग रिकामी कर म्हणून मी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मी हँगर दिले.”

तिनं नळाखाली हात धुतले, माझा फोन घेतला, त्याचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये घातला आणि जिना चढून गेली. पाहुण्यांच्या खोलीचं दार लागलं. थोड्या वेळानं वरून तिचा आवाज यायला लागला, हळू, इंग्रजीत, मधेमधे थांबत. शब्द कळत नव्हते. ‘सिन्योरा’ एकदा ऐकू आलं, स्पीकरवरून. मी जिन्याच्या खालच्या पायरीशी उभा होतो. वर बोलावलं असतं तर गेलो असतो.