फान ताईंनी निजवलेली मेमरी

शिंचू शहरातली आमची कंपनी दवाखान्यांसाठी टॅबलेट बनवायची. फान युएलान तिथे ऑपरेटिंग सिस्टिमचं काम बघायच्या. चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, बोलणं तुटक. मी, चिउ, त्यांच्या हाताखाली चाचण्या घ्यायचो, त्यांना ताई म्हणायचो.

टॅबलेट नुसता पडून राहिला तरी बॅटरी उतरायची. मेमरीत लिहिलेलं टिकवायला तिला सतत वीज लागते, मग ती भरलेली असो वा रिकामी. ताईंचं म्हणणं असं, की वापरातली माहिती सगळ्या चिपांत विखुरलीय. ती एका बाजूला गोळा करा आणि रिकाम्या झालेल्या चिपा निजवा, म्हणजे त्यांची वीज वाचेल.

"आणि ही हलवाहलव करायला वीज काय तुझ्या घरून येणार?" आमचे वरिष्ठ लो साहेब भर बैठकीत म्हणाले. सगळे हसले.

"जे लवकर पुसलं जाणार, ते हलवायचंच नाही साहेब," ताई म्हणाल्या. "मुक्काम ठोकून बसलंय तेवढंच हलवायचं."

एवढं जमवायला त्यांना दोन वर्षं लागली. विजेच्या मीटरचा आकडा खरंच खाली आला, त्या दिवशी त्यांनी मला देवळापाशीच्या बाजारात मांसाच्या गोळ्यांचं सूप पाजलं. त्यांचं स्वतःचं निवून गेलं, त्या बोलतच होत्या. इतकं बोलताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

मग एका दवाखान्यात टॅबलेट वापरून बघायला दिले. नर्सने रुग्णाच्या जखमेचा फोटो काढला, तर अर्धा काळा. कॅमेरा ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता थेट मेमरीत लिहायचा, आणि नेमका तोच भाग आम्ही निजवलेला.

"बंद कर ते सगळं," लो साहेब म्हणाले.

"कारण सापडलंय. कॅमेऱ्याची जागा वगळली की झालं. वगळलीसुद्धा."

"दवाखान्याला काय सांगू? या वेळी नक्की चालेल म्हणून?"

"चाचणी घ्या ना!"

"युएलान, मोठी बॅटरी घालतोय. स्वस्तात पडतं. संपला विषय."

तरी मी चाचणी घेतली. एकही फोटो बिघडला नाही. साहेबांना सांगायला गेलो, तर ते बॅटरीवाल्याशी फोनवर बोलत होते. हातानेच मला जा म्हणाले.

टॅबलेट बाजारात गेला. ताईंचं काम त्यात होतं, पण बंद करून ठेवलेलं. टॅबलेट जड आहे, हात भरून येतात, अशा नर्सेसच्या तक्रारी येऊ लागल्या. त्यांना उत्तरं द्यायला साहेबांनी ताईंनाच बसवलं. वर्षभर त्यांनी मान खाली घालून माफ्या लिहिल्या. मग नोकरी सोडून भावाच्या तांदळाच्या शेवयांच्या कारखान्यात गेल्या.

गेल्या हिवाळ्यात मी तिकडे गेलो. वारा भणाणत होता आणि ताई बांबूच्या चटयांवर शेवया पसरत होत्या. बोटं भेगाळलेली.

"ताई, आता इतर यंत्रांतही मेमरी अशीच निजवतात म्हणे. मी वाचलं."

त्यांनी हातातली चटई नीट टेकवली.

"चालतं?"

"चालतं."

"मग मला कशाला सांगायला आलास, चिउ?"

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आतून भावाने हाक मारली. "आले," म्हणत त्या गेल्या. बराच वेळ वाट पाहिली. त्या काही पुन्हा बाहेर आल्या नाहीत.